हापसे दुरुस्त करणाऱ्या पोराने युगांडात पाळकांना काय शिकवायचं?

या आठवड्याचं पत्र जालना जिल्ह्यातून आलंय. नाव छापू नका म्हणालाय, म्हणून छापत नाही.

"मावशी, सलाम. वय 27, आयटीआय फिटर झालोय. पप्पा पंचायत समितीत हातपंप मेकॅनिक होते, सुट्टीत त्यांच्यासोबत गावोगाव फिरून पाइप ओढायला शिकलो. आता तेच काम करतो, कंत्राटावर. शिवाय मराठीतून एक वर्षाचा बायबल डिप्लोमा केलाय. आमच्या चर्चच्या मंडळीच्या ओळखीतून उत्तर युगांडात, युंबे जिल्ह्यातल्या बिडीबिडी नावाच्या निर्वासितांच्या वस्तीत 18 महिने जायचं ठरतंय. काम म्हणजे 'स्थानिक पाळकांना प्रशिक्षण'. पाळकसाहेब म्हणतात देवाने दार उघडलंय, जा. पण मला रात्री झोप येत नाही. एक वर्षाच्या डिप्लोमावर मी कोणाला काय शिकवणार? आधी बी.डी., म्हणजे थिऑलॉजीची डिग्री, करू का? तिथे पंपाचंही काम असेल असं म्हणतात, पण मला भीती वाटते की मी तिथेही वायसर बदलत बसेन आणि खरी सेवा राहून जाईल. मम्मी रडते. मित्र म्हणतात, आफ्रिकेत उपाशी मरणाऱ्यांना बायबल काय देतोस, भाकरी दे. काय करू?"

पोरा, सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना खरं सांगते मला हसू आलं, कारण ज्या गोष्टीची तुला लाज वाटतेय नेमकी तीच घेऊन तू तिथे कामाचा माणूस ठरणार आहेस, आणि ज्या गोष्टीचा तुझ्या पाळकसाहेबांना अभिमान वाटतोय, म्हणजे आपला मुलगा जाऊन पाळकांना शिकवणार, तिथे तुला पहिले सहा महिने तरी गप्प बसावं लागणार आहे. मी 2004 ते 2007 तिकडेच, युंबेजवळच्या अरुआ भागात होते, मिस्टर एका मिशन दवाखान्याच्या स्टोअरला होते आणि मी शिवणकाम आणि संडे स्कूल बघायचे. तेव्हा बिडीबिडी नव्हतं. ते 2016 च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं, त्या जुलैत शेजारच्या दक्षिण सुदानच्या राजधानीत, जुबामध्ये, पुन्हा लढाई पेटली आणि लोक लोंढ्याने सीमा ओलांडून आले, काही महिन्यांत अडीच लाखांच्या वर माणसं झाली एका वस्तीत. माझं सगळं ज्ञान त्यामुळे थोडं शिळं आहे, पण तिकडच्या दोघीतिघी अजून व्हॉट्सअ‍ॅपवर आहेत, त्या मला चुकू देत नाहीत.

आधी तुझ्या हापशाचं बोलू.

तू जालन्याचा, म्हणजे "जालना पंप" हे नाव पप्पांच्या तोंडून कधीतरी ऐकलं असशील. नसेल तर विचार त्यांना, खूश होतील. साठच्या दशकाच्या शेवटी आपल्याकडे दुष्काळात बोअर मारायचे आणि त्यावर जे बिडाचे पंप बसवायचे ते मूळचे परदेशातल्या एका शेतावरच्या एका कुटुंबासाठी केलेले, आपल्या गावात पहाटे चारपासून दोनशे घरं त्यावर तुटून पडायची, मग तो पंप किती दिवस टिकणार. तर जालन्यातल्या मिशनच्या बोअरवाल्यांनी वैतागून स्टीलचा पंप बनवला, सोलापूरच्या मिशनवाल्यांनी तो अजून सुधारला, आणि सत्तरच्या दशकात युनिसेफ आणि सरकार त्यात उतरलं आणि त्यातून इंडिया मार्क टू आला, तोच जो तू रोज खोलतोस. आता गंमत बघ. युगांडात सरकारी मान्यतेचा जो हातपंप आहे त्याला यू-टू म्हणतात आणि तो म्हणजे आपला मार्क टूच, आणि यू-थ्री म्हणजे मार्क थ्रीचा भाऊ. तू युंबेत उतरशील, पंपाचं डोकं उघडशील, आत तीच साखळी. भाषा येणार नाही, जेवण कळणार नाही, पण साखळी ओळखीची. हा पंप पाळकाच्या सेवेपेक्षा कमी आहे असं म्हणणारा माणूस कधी डोक्यावर वीस लिटरचा जेरीकॅन घेऊन चाललेला नसतो, म्हणून मी त्याच्याशी वाद घालत नाही.

बिडीबिडीत सुरुवातीला पाणी टँकरने यायचं. मराठवाड्याच्या माणसाला अजून काय समजावून सांगू?

आणि हे बायबल आणि हत्यारं वेगळी करायची सवय आपल्याला कुठून लागली मला कळत नाही, कारण आपल्याच नाशकात ती एकत्र होती. नाशकाला गेला असशील तर शरणपूर रोड माहीत असेल. ते शरणपूर म्हणजे चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत, आणि तिथे 1860 च्या आसपासपासून आफ्रिकन मुलं राहायची. अरब गलबतांतून गुलाम म्हणून नेली जात असताना इंग्रजांच्या आरमाराने सोडवलेली, मुंबईला उतरवलेली. त्यांना तिथे बायबल शिकवायचे आणि सोबत सुतारकी, लोहारकी. त्यांच्यातला जेकब वेनराइट 1873 मध्ये आफ्रिकेत मिशनरी डॉ. लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा त्याच्यासोबत होता, त्यानेच झाडाच्या बुंध्यावर मृत्यूची नोंद कोरली आणि ते सगळे तो देह शेकडो कोस चालत समुद्रापर्यंत घेऊन गेले. पुढे 1874-75 ला आताच्या केनियात मोंबासाजवळ फ्रेअरटाउन वसवलं, सुटलेल्या गुलामांसाठी, तेव्हा नाशकात शिकलेल्या याच लोकांना तिकडे नेलं. तिकडे त्यांना बॉम्बे आफ्रिकन्स म्हणायचे. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे दोघे त्यातलेच, 1885 मध्ये त्यांना डीकनची, म्हणजे पाळकाच्या आधीच्या पायरीची, दीक्षा मिळाली, आणि त्याच वर्षी बिशप हॅनिंग्टन युगांडाकडे निघाले तेव्हा जोन्स सोबत होता. हॅनिंग्टन युगांडातल्या बुसोगात मारले गेले. मागे थांबलेल्या लोकांना जोन्सने परत किनाऱ्याकडे आणलं.

म्हणजे नाशकातून युगांडाच्या वाटेला माणूस लागला त्याला आता जवळपास 140 वर्षं झाली, आणि तो गोरा नव्हता, आफ्रिकन होता. तू काही पहिला नाहीस. आणि तो शिकवायला चाललेला "बाहेरचा" पण नव्हता धड, आपल्याच घरी परत चाललेला माणूस होता, आणि तरी साहेब लोक त्याला आपल्या बरोबरीचा मानत नव्हते. ही दुसरी गोष्ट तू विसरू नकोस, कारण आता तिथे साहेबाच्या खुर्चीत तुला बसवतील. प्लॅस्टिकची असेल पण खुर्ची ती खुर्ची. सगळे बाकावर आणि तू खुर्चीत. पहिल्या दिवशी बस, नाही बसलास तर त्यांचा अपमान होतो. दुसऱ्या आठवड्यापासून बाकावर.

आता "पाळकांना ट्रेनिंग". तुला कोणीतरी सांगितलंय की तिथे पाळक अशिक्षित आहेत. अर्धं खरं आहे. युगांडाच्या अँग्लिकन चर्चमध्ये दीक्षा घेतलेला एक पाळक आणि त्याच्याखाली विखुरलेली कितीतरी लहान लहान देवळं असं असतं, आणि त्या प्रत्येक देवळात रोजचं काम बघतो तो ले रीडर, बहुतेक बिनपगारी, दिवसभर स्वतःची शेती आणि रविवारी उपासना, प्रेत झालं तर दफन, भांडण झालं तर मध्यस्थी. कॅथलिकांकडे तेच काम कॅटेकिस्ट करतो. त्यांची थिऑलॉजी कॉलेजं नाहीत असंही नाही, मुकोनोचं बिशप टकर कॉलेज 1913 पासून आहे, 1997 मध्ये त्याचंच युगांडा ख्रिश्चन युनिव्हर्सिटी झालं. पण मुकोनो राजधानी कंपालाजवळ, आणि युंबे तिथून पाचशे किलोमीटरवर, आणि फी कोण भरणार, आणि तो तिकडे तीन वर्षं गेला तर शेती कोण बघणार. आणि निर्वासित पाळकाची तर अजून तऱ्हा, तो आपल्या अख्ख्या मंडळीसोबत पळून आलाय, ज्यांचं लग्न लावलं त्यांच्याच पोरांना रस्त्यात पुरलंय. त्याला दुःख म्हणजे काय हे मराठीतून केलेल्या डिप्लोमाच्या नोट्समधून तू सांगणार का? नाही ना. म्हणून म्हणते, गप्प बस पहिले सहा महिने.

मी एक वर्ग बघितलाय तो सांगते. आंब्याचं झाड, खाली चौदा माणसं, दोन बायका. एक जण पहाटे सायकलवर निघून आला होता, पॅन्टीच्या पायाला गुडघ्यापर्यंत लाल माती, पुस्तक उघडलं आणि दहाव्या मिनिटाला झोपला. शिकवणारा अमेरिकन, चांगला माणूस होता, बोर्डवर त्रैक्याचा त्रिकोण काढत होता. त्रिकोण झाला, काही प्रश्न? मागून एकाने विचारलं, आमच्या मंडळीत एक बाई आहे, नवरा लढाईत गेला, सात वर्षं पत्ता नाही, मेला की जिवंत माहीत नाही, आता दुसरा माणूस तिला ठेवायला तयार आहे, मी लग्न लावू का? आणि नाही लावलं तर ती तशीच राहील त्याच्यासोबत, मग तिला प्रभुभोजन देऊ का? वर्ग जागा झाला बघ. सायकलवाला पण उठला. त्रिकोण तिथेच राहिला आणि दोन तास त्या बाईवर चर्चा झाली, पहिल्या नवऱ्याच्या घरच्यांनी लग्नात दिलेल्या गुरांचं काय इथपासून तर पौलाने करिंथकरांना काय लिहिलं इथपर्यंत. मला वाटतं त्या वर्षातलं खरं शिक्षण तेवढंच झालं, आणि त्यात अमेरिकन माणसाचं कौतुक एवढंच की त्याने खडू खाली ठेवला.

तर तुझं ट्रेनिंग असं असू दे. तू ज्याला पत्रात "प्रशिक्षण" म्हणतोस त्याची एक जुनी आणि साधी पद्धत आहे, टी.ई.ई. म्हणतात, 1963 ला ग्वाटेमालात सुरू झाली, कारण तिथेही हाच घोळ होता, सेमिनरी शहरात आणि मंडळ्या डोंगरात, आणि शिकायला गेलेला परत येत नाही. मग त्यांनी उलटं केलं, विद्यार्थी घरीच राहील, शेती करील, पुस्तकातला धडा घरी वाचील, आठवड्या-पंधरवड्याने सगळे एका जागी जमतील आणि धड्यावर बोलतील, आणि मधल्या दिवसांत शिकलेलं मंडळीत करून बघतील. आपल्याकडे टॅफ्टी नावाची संस्था 1971 पासून हेच करतेय, तुमच्या डिप्लोमाच्या सरांना माहीत असेल. या पद्धतीत शिकवणारा विद्वान असावा लागत नाही. त्याने धडा वाचलेला असावा, वेळेवर यावं, आणि बोलणाऱ्याला बोलू द्यावं. एवढं तुला जमेल. धडे मात्र त्यांच्या चर्चचे वापर, इथून झेरॉक्स करून नेऊ नकोस, आणि भाषेचं आधीच विचारून घे, कारण वस्तीत बारी बोलणारे, काक्वा बोलणारे, कोणी माडी, कोणी आचोली, आणि सगळ्यांना मिळून जुबा अरेबिक. इंग्रजी पुढच्या बाकावरच्यांना येते. मागच्यांना येत नाही आणि मंडळी मागच्या बाकावरच असते, आपल्याकडे असते तशीच.

बी.डी. कर, जरूर कर, पुण्याला बिबवेवाडीतली यू.बी.एस. सेमिनरी कुठे पळून जात नाही. पण परत आल्यावर कर. तेव्हा तुझ्याकडे विचारायला प्रश्न असतील, आत्ता नुसती भीती आहे.

एक मुद्दा मात्र असा आहे जिथे मी तुला गप्प बस म्हणणार नाही. औषध. तिकडे मिरगीची मुलं बरीच, उत्तर युगांडात तर मुलांच्या माना डुलायचा एक वेगळाच आजार पण आहे, आणि घरचे म्हणतात भूत. एचआयव्हीच्या गोळ्या रोज घ्यायच्या असतात आयुष्यभर. आणि कुठलातरी नवा प्रॉफेट स्पीकर लावून सांगतो, तू बरा झालास, गोळ्या फेकून दे, विश्वास कमी पडतोय तुझा. माणसं मरतात रे याने. मार्च 2000 मध्ये युगांडातच कानुंगूला एका पंथाने जगाचा शेवट म्हणून शेकडो लोक देवळात जाळले, आणि 2023 मध्ये केनियात शाकाहोलाच्या जंगलातून चारशेच्या वर प्रेतं निघाली, उपास करून येशूला भेटा म्हणून सांगितलेल्यांची. शेजारच्या रवांडाने तर 2018 लाच कायदा केला की मंडळी चालवणाऱ्याकडे थिऑलॉजीची डिग्री पाहिजे, आणि हजारो देवळांना कुलुपं लावली. मला तो कायदा पूर्ण पटत नाही, डिग्रीवाले लबाड मी इकडे पण पाहिलेत, पण दुखणं त्यांनी बरोबर ओळखलंय. तुझ्या वर्गातल्या प्रत्येक ले रीडरने वेदीवरून स्वतःच्या तोंडाने एवढं म्हणावं की प्रार्थना करा आणि गोळी पण घ्या, तर तू 18 महिन्यांत दुसरं काही नाही केलंस तरी चालेल. पण हे तू सांगून होणार नाही. दवाखान्यातली तिथलीच नर्स वर्गाला बोलव, तिला बोलू दे.

आता वाईट बातमी, पंपाबद्दल.

तू गेल्या गेल्या बंद पडलेला पंप दिसेल आणि तुझे हात शिवशिवतील. थांब. मी शिवणकामात हीच माती खाल्ली. डिसेंबरात आमच्याकडे कुठूनतरी कापडाचे तागे आले, देणगीत, निळं आणि पांढरं, आणि मला काय हौस, मंडळीतल्या साठ मुलांचे युनिफॉर्म मी आणि चार बायकांनी फुकट शिवले, फोटो काढला, इकडे नगरच्या महिला मंडळाला पाठवला. जानेवारीच्या शेवटी बाजारात गेले. तिकडे शाळा त्याच सुमाराला सुरू होते. दुकानांच्या ओट्यावर पायमशीन घेऊन टेलर बसतात, ओळीने, त्यातला एक माझ्या ओळखीचा, त्याच्याकडून मी बॉबिन घ्यायचे. तो मशीनवर हात ठेवून नुसता बसला होता. मी विचारलं काम नाही? तो हसला आणि अगदी सभ्यपणे म्हणाला, मामा, यंदा युनिफॉर्म तुम्ही शिवलेत ना. त्याच्या वर्षाच्या कमाईचा मोठा भाग त्या एका महिन्यातला असायचा. त्याची स्वतःची दोन पोरं त्या वर्षी फी भरता आली नाही म्हणून घरी थांबली होती, हे मला नंतर दुसऱ्याच कोणाकडून कळलं. तो फोटो मी अजून ठेवलाय, पण कोणाला दाखवत नाही.

तर पंपाचं. युगांडात प्रत्येक पंपाला गावची पाणी कमिटी असते, घरटी थोडे पैसे गोळा करायचे, एक केअरटेकर, आणि जिल्ह्याजिल्ह्यात हातपंप मेकॅनिकांच्या संघटना आहेत, त्यांचं पोट त्यावर. तू फुकट दुरुस्त करायला लागलास की आधी मेकॅनिकचं काम जाईल, मग कमिटी पैसे गोळा करणं बंद करेल, कारण इंडियन आहे ना, आणि 18 महिन्यांनी तू विमानात बसशील आणि सहाव्या महिन्यात पंप बंद. त्यामुळे उतरल्यावर पहिल्या आठवड्यात त्या संघटनेच्या माणसाला शोध, बिशपला भेटायच्या आधी शोध असं म्हणणार होते, पण बिशपला आधी भेट, तिकडे मान असतो. मग त्या मेकॅनिकचा हेल्पर म्हणून जा. पाइप ओढ. तो जी.आय. पाइप गंजलेले दाखवेल, तिकडे बऱ्याच ठिकाणी पाणी आम्लधर्मी आहे, पाइप आतून खातं आणि पाणी तांबडं येतं, बायका म्हणतात कपडे पिवळे पडतात आणि बीन्स काळे शिजतात, आणि मग परत ओढ्याला जातात. हे आपल्याकडे तू एवढं पाहिलं नसशील, तर शीक त्याच्याकडून. तुझ्याकडे त्याला देण्यासारखं काही असेल तर ते पाइप उतरवायची घाई न करता आवाजावरून खराबी ओळखायची पप्पांची हातोटी. ती दे.

आणि कमिटीच्या मीटिंगला बस, नुसता बस. तिथे कळेल की ट्रेनिंग कोणाला पाहिजे. पैशाचा हिशेब एखादी बाई ठेवत असेल, मदर्स युनियन या चर्चच्या महिला मंडळाची असेल बहुतेक, आपल्या जुन्या बायबलबाईंसारख्या असतात त्या, घराघरात जाणाऱ्या. त्यांचे बचत गट पण बघ. पत्र्याची पेटी, तिला तीन कुलुपं, तीन किल्ल्या तीन बायकांकडे, आणि पेटी चौथीकडे. सगळ्या जमल्याशिवाय उघडत नाही. पैसे खाली चटईवर, सगळ्यांसमोर मोजायचे, मागच्या वेळी किती होते ते सगळ्यांनी मोठ्याने म्हणायचं, म्हणजे लिहिता न येणारीलाही फसवता येत नाही. वर्षाने वाटून घ्यायचे. पाळकाकडे किल्ली नको, हा नियम त्यांनीच केलेला असतो आणि त्याला कारणं असतात, तू मध्ये पडू नकोस. तुझ्या वर्गात या बायका पाहिजेत. पाळक म्हणतील त्यांना वेळ नसतो. तर वर्गाची वेळ बदल.

तुझ्या मित्रांना काय सांगायचं? त्यांना सांग की भाकरीचा प्रश्न बरोबर आहे. 2023 पासून निर्वासितांचं रेशन गरजेप्रमाणे वर्गवारी करून कापलंय, काहींचं तर पूर्ण बंद. सुरुवातीला घराला तीस बाय तीस मीटरचा तुकडा दिला होता, त्यात काय पिकणार. आणि तरी युगांडाने इतकी वर्षं दारं उघडी ठेवली, आफ्रिकेत सगळ्यात जास्त निर्वासित तिथेच, पंधरा लाखांच्या वर, गरीब देश असून. ही गोष्ट पण सांग मित्रांना, "उपाशी मरणारी आफ्रिका" म्हणताना. पण भाकरी आणि बायबल यांची सांगड घालू नकोस, म्हणजे असं की प्रार्थनेला येईल त्याला साबण. 1994 पासून रेड क्रॉस आणि मोठ्या संस्थांचा लिखित नियम आहे की मदतीचा धर्माशी संबंध जोडायचा नाही, आणि नियम नसता तरी ते घाण आहे. युंबे तर बहुसंख्य मुसलमान जिल्हा, स्थानिक आरिंगा लोक मुसलमान, निर्वासित बरेचसे ख्रिस्ती, आणि हापसा एकच. त्या रांगेत कोणाचा जेरीकॅन आधी यावरून डोकी फुटू शकतात. तिथे तुझी साक्ष म्हणजे तुझा पंप सगळ्यांसाठी सारखा चालणं, आणि कोणी विचारलं की तू इथे का आलास तर खरं उत्तर देणं. विचारतातच. तिकडे लोक देवाबद्दल बोलायला लाजत नाहीत, आपल्यासारखे.

आणि तू मुहिंदी आहेस हे लक्षात ठेव. तिकडे आपल्याला तेच म्हणतात आणि त्याचा अर्थ बहुतेकांच्या डोक्यात दुकानदार. 1972 ला युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने नव्वद दिवसांची मुदत देऊन आशियाई लोकांना हाकललं, गुजराती बरेच, आपले गोंयकारही होते सरकारी नोकरीत, आणि अमीन तुझ्याच त्या वेस्ट नाईल भागातला, त्याच्या लोकांचं कोबोको तुझ्यापासून लांब नाही. म्हाताऱ्यांच्या मनात त्या काळाचं काय काय असतं, अपराधीपणा आणि रागही, कारण दुकानात नोकराला कसं वागवायचे तेही ते विसरलेले नाहीत. कोणी उगाच चिडलं तर ते तुझ्यावर नसेल. हमालाचं सामान स्वतः उचललंस, मुलाच्या हातचं पाणी घेतलंस, की हळूहळू वेगळं नाव पडतं. मिस्टरांना शेवटी शेवटी "मिस्टर स्टोअर" म्हणायचे. दुकान काही सुटलं नाही.

पैसे मागतील, फीसाठी, औषधासाठी, दफनासाठी. खरी गरज असते. तरी खिशातून हातात देऊ नकोस, मंडळीच्या कमिटीकडून दे, आणि महिन्याला किती ते इथूनच ठरवून जा. मी ठरवलं नव्हतं.

बाकी कागदपत्रं. टुरिस्ट व्हिसावर काम करायला जाऊ नकोस, "सगळे करतात" म्हणाले तरी, यजमान चर्चकडून वर्क परमिट करून घे. पिवळ्या तापाची लस निघायच्या दहा दिवस आधी तरी, कार्ड पासपोर्टसोबत ठेव, परत येताना आपल्या एअरपोर्टवर पण मागतात, नसेल तर क्वारंटाइन. मलेरियाला तिथे कोणी घाबरत नाही आणि म्हणूनच तू घाबर, मच्छरदाणीत झोप, ताप आला की त्याच दिवशी टेस्ट. कंपालाहून अरुआची रात्रीची बस घेऊ नकोस, दिवसाची घे. करुमाला नाईल ओलांडताना खिडकी बंद ठेव, माकडं केळी घेतात. केळी नसली तर चष्मा घेतात.

मम्मीचं. ती रडणारच, तू 18 महिने म्हणतोस ते तिला 18 वर्षं वाटतात. तिला मोठमोठ्या गोष्टी सांगू नकोस, देवाचं पाचारण वगैरे, ती पण देवालाच विचारतेय ना. तिला दाखव की तू कुठे झोपणार, काय खाणार, आजारी पडलास तर कोणाचा फोन लावायचा. पोशो म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा असतो, ज्वारीचं मुटकं खाणाऱ्याला अवघड नाही, सोबत बीन्स. हळद आणि काळा मसाला ने, जास्त ने, कारण तिकडे सगळ्यांना वाटावा लागतो. आणि पप्पांना एक काम दे. त्यांना म्हणावं, पंपाच्या आवाजावरून काय बिघडलंय ते कसं ओळखायचं हे फोनमध्ये रेकॉर्ड करून द्या, एकेक आवाज काढून. तिकडच्या मेकॅनिकला ऐकवता येईल, मराठी कळलं नाही तरी खटखट कळते.

पोचलास की लिही. पहिल्या पत्रात मला वर्ग किती झाले ते नको सांगू, त्या मेकॅनिकने तुला जेवायला कधी बोलावलं ते सांग.

तुझी मावशी